तिच्या गोष्टीतली पहाटेची बस

प्रिय ताई,

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, यंदा दहावीला. मे महिन्याच्या सुट्टीत मावसबहिणीकडून ‘ट्वायलाइट’ या इंग्रजी कादंबरीमालेची चारही पुस्तकं घेऊन आली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. क्लासच्या मैत्रिणींमध्ये ‘टीम एडवर्ड’ आणि ‘टीम जेकब’ अशी भांडणं चालतात. मी मराठी माध्यमातली, इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, तरी पहिल्या पुस्तकातली बरीच पानं वाचली. त्यातला तो रक्त पिणारा मुलगा रात्री तिच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो. तिला हे कळतं तेव्हा राग येण्याऐवजी बरंच वाटतं! माझ्या मुलीला हे प्रेम वाटतं का?

मागच्या आठवड्यात तिची वही उघडली. त्यात याच पात्रांची गोष्ट तिने मराठीत लिहिली आहे. नायिकेची गाडी सुरू होत नाही. तो मुलगा तिथे उभा. ती त्याच्याशी एक शब्द बोलत नाही, पाठीवर सॅक टाकते, पहाटेची पहिली बस पकडते, कंडक्टरला सुट्टे पैसे देते आणि समुद्रकाठच्या गावाला निघून जाते. घरात कुणाला सांगत नाही. वाचून माझे हातपाय गार पडले. तिच्या मनात घर सोडायचं तर नाही ना? ही गोष्ट तिने वॉटपॅडवरही टाकली आहे, म्हणजे गोष्टी लिहून टाकायच्या त्या साइटवर. एक माणूस सारखा ‘पुढचा भाग कधी’ विचारतो, आणि एकदा त्याने तिचं वय विचारलं.

यांचं म्हणणं, पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची, मोबाइल काढून घ्यायचा, बोर्ड होईपर्यंत विषय बंद. काय करू?

— एक आई, सांगली

प्रिय आई,

तुमची मुलगी घर सोडून चाललेली नाही. हे मी इतक्या खात्रीने म्हणते, कारण वहीतला तो प्रसंग कुठून आला ते मला ठाऊक आहे. तुम्ही पहिलं पुस्तक वाचलंत. हा प्रसंग तिसऱ्यातला आहे, ‘एक्लिप्स’मधला. ते 2007 साली आलं.

त्यात काय घडतं ते सांगते. बेला ही नायिका. जेकब तिचा मित्र, तो जवळच्या ला पुश या किनाऱ्यावरच्या वस्तीत राहतो आणि त्याचा लांडगा होतो. एडवर्ड म्हणजे तुम्ही वाचलेला तो रक्त पिणारा मुलगा, व्हॅम्पायर. त्याला वाटतं की लांडग्यांच्या संगतीत बेलाच्या जिवाला धोका आहे, म्हणून तिने तिकडे जाऊ नये. एका संध्याकाळी ती जायचं ठरवते, आपल्या जुन्या ट्रकमध्ये बसते, किल्ली फिरवते. ट्रक ढिम्म हलत नाही. बाजूच्या सीटवर एडवर्ड बसलेला असतो, हातात इंजिनाचा काढलेला भाग. सकाळी शाळेच्या वेळेपर्यंत सगळं जोडून ठेवीन, असं तो शांतपणे सांगतो. वर हेही, की आज रात्री मी यायला नको असेन तर खिडकी लावून घे, मी समजून घेईन. बेला चिडते. घरात जाते, धाडकन खिडकी लावते. मग थोडा वेळ त्या काचेकडे बघत उभी राहते आणि खिडकी परत उघडते.

आता वहीतलं पान पुन्हा डोळ्यांसमोर आणा. गाडी तीच, मुलगाही तोच. पण तुमच्या मुलीची बेला खिडकी उघडायला थांबलेली नाही. तिने सॅक उचलली आणि बसने गेली. समुद्रकाठचं ते गाव म्हणजे ला पुश. ज्या मित्राकडे जायला तिला अडवलं होतं, त्याच्याकडेच ती पोचली आहे. घरात कुणाला सांगत नाही याचं मला फारसं वाटत नाही, कारण त्या गोष्टीतलं घर म्हणजे बेलाचे वडील, तेही मूळ पुस्तकात अर्ध्याहून जास्त गोष्टींबद्दल अंधारातच असतात.

तुम्हाला ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, की माझ्या मुलीला हे प्रेम वाटतं का, ते तिने लिहून ठेवलं आहे. मराठीत, स्वतःच्या अक्षरात. एवढ्या जाडजूड पुस्तकात नेमक्या ज्या जागी लेखिकेने नायिकेला माघार घ्यायला लावली, ती जागा पंधरा वर्षांच्या मुलीने हेरली आणि तिथे वेगळं घडवलं. मला तिचं फार कौतुक वाटलं. आणि तो कंडक्टर! अमेरिकेच्या त्या कोपऱ्यात बसला कंडक्टर नसतो. हा कंडक्टर तुमच्या सांगलीच्या स्टँडवरून तिकडे गेला आहे. बेलाला तिथून बाहेर काढायला तुमच्या मुलीने आपल्या ओळखीची वाट वापरली.

असं लिहिण्याला तिच्या मैत्रिणी ‘फॅनफिक’ म्हणत असतील. आवडत्या पुस्तकातली पात्रं घ्यायची आणि मूळ लेखकाने जे केलं नाही ते करून बघायचं. ‘ट्वायलाइट’भोवती असं लेखन अक्षरशः डोंगराएवढं झालं. खुद्द लेखिका स्टेफनी मेयर यांनाही ते सुटलेलं नाही. नायिका सारखी संकटात सापडते आणि कुणीतरी तिला वाचवतं, अशी टीका त्यांच्यावर वर्षानुवर्षं झाली. मग 2015 साली पहिल्या पुस्तकाला दहा वर्षं झाली तेव्हा त्यांनी तीच कथा मुलगा माणूस आणि मुलगी व्हॅम्पायर अशी उलटवून लिहिली. 2020 मध्ये ‘मिडनाइट सन’ आलं, त्यात पहिलं पुस्तकच एडवर्डच्या बाजूने सांगितलं आहे. लेखिका स्वतःच्या पुस्तकाशी असा वाद घालते, तिथे वाचक का घालणार नाही?

आता तुमच्या पहिल्या भीतीकडे येते, रात्री खिडकीतून येऊन बघत बसणाऱ्या त्या मुलाच्या. ती भीती रास्त आहे, ती सोडू नका. मुलगी शहाणी आहे म्हणून ते दृश्य निरुपद्रवी ठरत नाही. पुस्तकात ते गोड करून दाखवलं आहे आणि कोट्यवधी मुलींनी ते गोड म्हणूनच वाचलं आहे.

का गोड वाटतं, हे आधी समजून घ्या. बेला सतरा वर्षांची आहे. आईवडील वेगळे झालेले. आईचं दुसरं लग्न झालंय, म्हणून ही उन्हाच्या ॲरिझोनातून सदा पावसाच्या फोर्क्स नावाच्या छोट्या गावात वडिलांकडे राहायला आलेली. नवी शाळा, वडिलांसाठी रोजचा स्वयंपाक, आपण अगदी सामान्य आहोत अशी मनात पक्की समजूत. आणि वर्गातला सगळ्यात देखणा मुलगा म्हणतो की मला तुझ्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. दहावीच्या मुलीला दिवसभर कोण काय विचारतं? गणिताच्या चाचणीत किती पडले, सायन्सचा धडा झाला का, क्लासला वेळेत पोचलीस का. तिच्यासाठी रात्रभर कुणीतरी जागं राहावं, मार्कांशी ज्याचा काही संबंध नाही असं कुणीतरी, ही ओढ फार खरी आहे आणि तिच्यात लाजण्यासारखं काही नाही. शिवाय या गोष्टीत मुलगा स्वतःला सतत आवरतो. तिच्या रक्ताची त्याला तहान आहे आणि तो ती रोखून धरतो. पहिल्या तीन पुस्तकांत चुंबनापलीकडे गोष्ट जात नाही, लग्नाआधी नाहीच असा त्याचाच हट्ट असतो. प्रेमात पडण्याची धडधड अनुभवायची आणि तरीही काही होणार नाही याची खात्री असायची, असं ते वाचन आहे. पंधराव्या वर्षी मुलींना ते का हवंसं वाटतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण लक्षात ठेवा, तो मुलगा दिसतो सतरा वर्षांचा आणि जन्मलेला आहे 1901 साली. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरता मरता त्याला व्हॅम्पायर केलं गेलं. म्हणजे त्या खोलीत झोपलेल्या मुलीकडे बघत बसलेल्याला शंभर वर्षांचा अनुभव आहे आणि तिला सतरा वर्षांचा. तो तिला न विचारता आला आहे. ‘मिडनाइट सन’मध्ये हाच प्रसंग त्याच्या तोंडून येतो. बरेच दिवस न उघडलेली खिडकी कुरकुरते, तेव्हा पुढच्या वेळी तेल आणायला हवं, असं तो मनाशी ठरवतो. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. मुलीला जमलं तर ते पुस्तक मिळवून द्या आणि एवढंच विचारा, की तिच्या बाजूने वाचताना जसं वाटलं तसंच त्याच्या बाजूने वाचताना वाटलं का? उत्तर तिला शोधू द्या. तुम्ही आधी सांगितलंत तर ती एडवर्डची वकिली करायला लागेल, त्या वयात सगळ्याच करतात.

एक गोष्ट मात्र तुम्हीच स्पष्ट शब्दांत सांगा, पुस्तकाच्या आडून नको. आपल्याकडे मुलीच्या मनाविरुद्ध तिचा सारखा पाठलाग करणं, तिने नाही म्हटल्यावरही संपर्क साधत राहणं, तिच्या इंटरनेटवरच्या हालचालींवर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. 2013 साली तो भारतीय दंड संहितेत आला, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. हे दहावीच्या प्रत्येक मुलीला माहीत असायला हवं आणि प्रत्येक मुलालाही. नायिका नको नको म्हणते आणि नायक गाणं म्हणत तिच्या मागे मागे फिरतो, असले हिंदी आणि मराठी सिनेमे ही मुलगी तुमच्या शेजारी बसून लहानपणापासून बघत आली आहे. तेव्हा एडवर्डबद्दल बोलाल त्याच दिवशी त्या नायकांबद्दलही बोला. तुम्ही फक्त तिच्या पुस्तकावर बोट ठेवलंत तर तिला वाटेल की राग पाठलागाचा नसून तिच्या आवडीचा आहे.

चारही पुस्तकं घरात आहेत, म्हणजे चौथं तिने वाचलं असणारच. ‘ब्रेकिंग डॉन’ मला आवडत नाही. अठराव्या वर्षी लग्न, मधुचंद्राच्या दुसऱ्या सकाळी नायिकेच्या अंगावर काळेनिळे डाग आणि ती उलट त्यालाच समजावते की मला काही झालं नाही. मग तिचं शरीर आतून मोडणारं गरोदरपण, अत्यंत रक्तरंजित बाळंतपण. आणि जेकबचा जीव त्या नुकत्याच जन्मलेल्या बाळावर असा जडतो की ती मोठी झाल्यावर त्याचीच होणार हे ठरूनच जातं. या शेवटावर चाहत्यांमध्येच मोठे वाद झाले. तुमची मुलगी जेकबच्या बाजूची दिसते, तिला हे कसं वाटलं ते मला जाणून घ्यायला आवडेल. तुम्ही विचारा. आणि मधुचंद्राच्या त्या सकाळीबद्दल तुम्ही स्वतः काय वाटतं ते सांगा, अडखळत का होईना. अंगावर वळ उठले तर कुणाचीही समजूत घालायची नसते, हे आईच्या तोंडून ऐकलेलं वेगळं पोचतं.

जेकबचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. ला पुश खरं आहे, तिथले क्विल्यूट लोकही खरे आहेत. वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावरची ती एक छोटी आदिवासी जमात. लांडग्यांपासून आपण झालो अशी त्यांची जुनी कथा आहे. कादंबरीने त्यांना न विचारता त्यांचे माणूस-लांडगे केले, त्यावर सिनेमे निघाले, जगभरातून चाहते तिकडे जायला लागले. त्याच काळात ही जमात वेगळ्याच कामात होती. त्यांची शाळा अगदी समुद्राला लागून, त्सुनामीच्या टप्प्यात. उंचावर जागा मिळावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं प्रयत्न केले, शेवटी 2012 साली अमेरिकी संसदेने कायदा करून शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातली जमीन त्यांना दिली. सिॲटलच्या बर्क संग्रहालयाने या जमातीला सोबत घेऊन कादंबरीतलं काय खरं आणि काय नाही याची मांडणी केली आहे, ती इंटरनेटवर मिळते. मुलीला दाखवा. तिने बस त्या गावापर्यंत नेलीच आहे, तिथे उतरल्यावर कोण भेटेल हे तिला खरंखुरं कळलं तर पुढचा भाग फार चांगला होईल.

आता वहीबद्दल. तुम्ही ती न विचारता उघडलीत. काळजीपोटी उघडलीत हे मला कळतं, पण मुलीला हे तुमच्याकडूनच कळू द्या, आणि बाकीच्या गप्पांच्या आधी. सरळ सांगा, “तुझी वही मी वाचली. विचारायला हवं होतं, नाही विचारलं. परत असं करणार नाही.” यात ‘पण’ जोडू नका. ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. बोलायला लागली की बसच्या प्रसंगाबद्दल विचारा आणि आवडला असेल तर तसं सांगा. खिडकीतून येणाऱ्या मुलावर राग धरायचा आणि वही मात्र गुपचूप वाचायची, हे दोन्ही एका घरात नीट चालणार नाही. मुलं हे बरोबर टिपतात.

पुस्तकं माळ्यावर टाकू नका, हे तिच्या बाबांनाही सांगा. माळ्यावर गेलेलं पुस्तक मोबाइलवर उघडतं आणि मग ती काय वाचते ते तुम्हाला कळायची वाटच बंद होते. बोर्डाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो तिच्याशीच बसून सोडवा. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्या मुलीला आपल्या वाचकांची फिकीर आहे ती ‘पुढचे भाग परीक्षेनंतर’ अशी सूचना स्वतः लावू शकते. तारीख तिला ठरवू द्या. तोवर आठवड्यातून एखादी संध्याकाळ लिहायला मोकळी ठेवली तर अभ्यासाचं काही बिघडणार नाही, उलट बाकीचे दिवस ती कुरकुर न करता बसेल.

परीक्षा झाल्यावर तिला याच वाटेवरचं पुढचं काही द्यायचं असेल, तर हॉली ब्लॅक यांचं ‘द कोल्डेस्ट गर्ल इन कोल्डटाउन’ हे 2013 चं पुस्तक बघा. त्यात रक्तपात बराच आहे, हे आधी सांगते. पण त्यातली ताना गाडी स्वतः चालवते आणि संकटातल्या मुलांना तीच ओढून बाहेर काढते. वाईट वाटेल असे निर्णयही ती स्वतःच घेते. तुमच्या मुलीने वहीत जी बेला घडवली आहे, तिची ही थोरली बहीण शोभेल.

आणि तो वय विचारणारा माणूस. याबाबतीत थांबू नका, आजच बोला. ‘पुढचा भाग कधी’ हे सगळेच वाचक विचारतात, ते ठीक. वयाच्या प्रश्नाला मात्र उत्तर द्यायचं नाही. तिने आधीच दिलं असेल तर रागावू नका, ते उत्तर पुसता येतं का बघा. दोघी मिळून तिचं प्रोफाइल उघडा. खरं नाव, फोटो, शाळा, क्लास, सांगली, यातलं काहीही तिथे नको. टोपणनावाने लिहायची या जगात रीतच आहे, त्यामुळे तिला ते कमीपणाचं वाटणार नाही. वॉटपॅडवर तेराव्या वर्षापासून खातं उघडता येतं, म्हणजे ती नियमात आहे. पण तिथे मोठ्यांसाठीचं लेखनही असतं, म्हणून गोष्ट उघडण्याआधी त्यावरचे टॅग वाचायची सवय तिला लावा. बहुतेक मुलींना ती मैत्रिणींकडून लागलेलीच असते. तो माणूस पुन्हा वय, फोटो, नंबर किंवा दुसऱ्या ॲपवर ये असं काही म्हणाला, तर आधी स्क्रीनशॉट काढायचा, मग त्याला ब्लॉक करून तक्रार नोंदवायची. प्रकरण त्याच्या पुढे गेलं तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे तुम्हीही फोन करू शकता आणि तीही.

हे सगळं ती तुम्हाला वेळेवर सांगेल की नाही, हे मोबाइल काढून घेण्याच्या त्या धमकीवर अवलंबून आहे. सांगितलं की मोबाइल जाणार, असं वाटलं तर ती गप्प बसेल आणि एकटीच निस्तरत राहील. म्हणून तिच्या बाबांना शेजारी बसवून, दोघांनी मिळून तिला शब्द द्या, की असं काही घडलं आणि ते तू आम्हाला सांगितलंस, तर तुझा मोबाइल आणि तुझी गोष्ट दोन्ही तुझ्याकडेच राहतील.

— तुमची ताई